अप्पांच्या बिडीचा करार

मल्लिनाथअप्पा बिडी पेटवायच्या आधी दोन्ही हात जोडून म्हणायचे, "बसा बाई, दमला आसाल."

समोर कुणी बाई नसायची. अप्पांना ओळखणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. पण एकदा आमच्या अणदूरच्या स्टँडवर जळकोटची एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती. अप्पांनी कानावरची बिडी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "बसा बाई, दमला आसाल." म्हातारी गहिवरली. "तुझं चांगलं हुईल रं लेकरा," म्हणत बाकावर टेकली आणि सून कशी छळते ते पहिल्यापासून सांगायला लागली. अप्पांची बिडी हातात तशीच. पाऊण तासानं एसटी आली, म्हातारी गेली, तेव्हा अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "संजू, ही बाहेरची बाई बसली. आतली आजून उभीच हाय."

आतली बाई म्हणजे अप्पांच्या मेंदूतलं एक एन्झाइम. मी हे आता मोठ्या ऐटीत लिहितोय, पण ते माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात अप्पा माझ्या खात्यावर किती चहा प्याले ते चहावाल्याला विचारा.

माझं हायवेला झेरॉक्सचं दुकान आहे. अप्पांचं घर दुकानाच्या मागच्या बोळात. तालुक्याच्या एका कॉलेजात ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. परीक्षानळ्या धुणं, बेडूक पकडून आणणं आणि तास चालू असताना दाराशी स्टूल टाकून बसणं, ही त्यांची नोकरी. प्राध्यापक यायचे, बदलून जायचे. "आमच्या कॉलेजात कायम तिघंच," अप्पा सांगायचे, "मी, सांगाडा आन बरणीतला साप." तीस-बत्तीस वर्षं तोच तास दाराआडून ऐकल्यामुळं त्यांना सगळं पाठ होतं, प्राध्यापकांच्या खोकण्यासकट. जे ऐकताना कुणी चहा आणायला पाठवलं असेल तेवढंच त्यांना येत नसे. अशा ठिकाणी आलं की ते शांतपणे म्हणायचे, "ते आपल्या सिलॅबसला न्हाय."

एन्झाइमचा धडा मात्र त्यांनी पूर्ण ऐकला होता. एका मॅडमनी तंबाखूच्या व्यसनावर व्याख्यान दिलं तेव्हा तक्ता धरून उभं राहायचं काम अप्पांकडं होतं. तक्ता धरलेला माणूस चहाला जाऊ शकत नाही.

"कळंबच्या अडतीवर गेलायस का कवा?" अप्पांनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं.

गेलो होतो.

"सौदा झाला, पोती उचलली, की खाली दाणं सांडलेलं असतंय. मग बायका झाडू घिऊन येत्यात. मेंदूत तेच हाय. एक पेशी दुसरीकडं दाणं टाकती. डोपामीन म्हन, सेरोटोनिन म्हन. दाणं पडलं की मानसाला बरं वाटतंय. पर पडून ऱ्हाऊन चालत न्हाय, फुडचा सौदा व्हायचा कसा? म्हनून झाडायला बाई ठिवलीया. मोनोअमाइन ऑक्सिडेज." हे नाव ते एका दमात घ्यायचे आणि मग कवळी नीट बसवायचे. "दाणा दिसला की उचलती आन मोडून टाकती. तशा दोघी हायत, ए आन बी, थोरली आन धाकटी. पर घर एकच."

"आणि बिडी?"

"आता बिडीचं ऐक. निकोटीन हा हमाल. पोत्याला हूक लावतोय, जास्तीचं दाणं सांडवतोय. हे समद्या जगाला ठावं हाय. पर धुरात आनखी काय काय असतंय, ते त्या बाईला म्हनतंय, बसा बाई, दमला आसाल. ती बसली की दाणं पडून ऱ्हातंय. मानूस खूश. बिडी सुटत न्हाय ती एकट्या हमालामुळं न्हाय. दोघांचं मिळून काम हाय ते."

"धुरात नेमकं काय असतं?"

"ते आपल्या सिलॅबसला न्हाय."

मी त्यांची चेष्टा करायचो. कुणी झेरॉक्सला आलं की म्हणायचो, "अप्पा, तुमची बाई उठली का बसली?" आणि अप्पा घड्याळ बघून गंभीरपणे सांगायचे, "उठायला आलीया."

एकदा शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी निकोटीनची चांगली तासभर धुलाई केली. शेवटी "कुणाला काही शंका?" म्हटल्यावर अप्पा उभे राहिले. "साहेब, हमाल तुमी बरोबर धरला. पर त्या बाईचं काय?" हेडमास्तर घाईघाईनं उठले आणि म्हणाले, "अप्पा, पोरं बसलीत समोर, घरगुती विषय नंतर बघू." पाहुण्यांनी जाताना अप्पांच्या हातात निकोटीनच्या च्युइंगगमची पट्टी ठेवली. अप्पांनी आठ दिवस प्रामाणिकपणे चघळली आणि निकाल दिला, "दाणं सांडतंय, पर बाई बसंना. जीव भरंना." नवव्या दिवशी पुन्हा कानावर बिडी.

अप्पांच्या घरात त्यांची बायको, गिरिजाक्का. अक्कांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, त्यामुळं भांडण कानडीत आणि माया मराठीत, अशी त्यांची वाटणी होती. भाजीवाल्याशी त्यांचं कानडी सुरू झालं की माझ्या दुकानात मशीन बंद करून लोक ऐकत. गेल्या दोन वर्षांत मात्र ते दोन्ही बंद पडलं. काही घडलं नव्हतं. मुलगी पुण्यात सुखात, मुलगा नोकरीला, अक्कांना ना बीपी ना शुगर. तरी त्या भिंतीला टेकून बसत त्या बसतच. विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. गावानं आपलं निदान केलंच. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, अमक्याकडं दाखवा. अप्पांनी त्याला घराबाहेर काढताना सांगितलं, "बाहेरचं न्हाय, आतलंच हाय." मग ते अक्कांना सोलापूरच्या डॉक्टरांकडं न्यायला लागले. गोळ्या चालू होत्या. थोडा फरक होता, असं अप्पा म्हणायचे. आम्हाला दिसत नव्हता.

आता करार. आमचा खंडोबा वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला असतो, बाकी आमच्याकडं. देव एक, गावं दोन. म्हणून देव न्यायच्या वेळी दोन्हीकडची माणसं बसून रीतसर करार लिहितात. देवाचंच सगळं लेखी असल्यामुळं आमच्या गावात तोंडी बोलण्यावर कुणाचा फारसा विश्वास नाही. शेजारी कुऱ्हाड मागायला आला तरी दारातूनच म्हणतो, "लिहून देऊ का?"

देव निघायच्या आदल्या दिवशी अप्पा दुकानात आले आणि माझ्यापुढं एक कागद ठेवून म्हणाले, "टाइप कर." मी टाइप केला तो मजकूर माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून आहे.

"लिहून देणार मल्लिनाथ, लिहून घेणार संजय झेरॉक्सवाला. कारणे करार लिहून देतो की, माझेकडील बिडीचे बंडल नग एक, काडेपेटीसह, देव नळदुर्गी मुक्कामी असेपर्यंत तुमचे दुकानी राहील. सदर बंडलातील बिडी तुम्ही ओढू नये, दुसऱ्यास ओढू देऊ नये. मला दिवसातून एकदा दर्शनाची मुभा राहील. मध्येच मागितल्यास देऊ नये. रडल्यास देऊ नये. शिव्या दिल्यास मनावर घेऊ नये. देव अणदुरी परत आले दिवशी बंडल विनातक्रार माझे ताब्यात द्यावे."

"अप्पा," मी म्हणालो, "बंडल माझ्याकडं ठेवून काय होणार? टपरीवर बिडी मिळतेच की."

अप्पा दुखावले. "देव नळदुर्गला गेला म्हनून तू हितं दुसरा बसवतोस व्हय?"

मी दोन प्रती छापल्या. कशासाठी सोडताय, असं विचारलं तर म्हणाले, "सोडत न्हाय. प्रयोग हाय. बाई उठल्यावर काय करती ते बघायचंय." चहावाल्यानं साक्षीदार म्हणून सही केली. मी मनातून खूश होतो. चार दिवसांत अप्पा रडत येणार आणि मी कलम वाचून दाखवणार, या विचारानं मला त्या रात्री छान झोप लागली.

मी बंडल काउंटरच्या काचेत ठेवलं, रबरी शिक्के आणि पासपोर्ट फोटोंच्या मधोमध. रविवारी त्यावर चिमूटभर भंडारा वाहायचो, झेंडूचं एक फूल ठेवायचो. गावातली वात्रट मंडळी येता-जाता नमस्कार करायची.

पहिले दोन दिवस अप्पा छाती काढून हिंडले. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स वाकडी आली म्हणून एका परक्या माणसाशी भांडले. झेरॉक्स त्या माणसाची होती. चौथ्या दिवशी दर्शनाला आले, बंडल नाकाशी धरलं आणि इतका वेळ धरलं की मला म्हणावं लागलं, "अप्पा, मागं रांग आहे." सहाव्या दिवशी कलमाप्रमाणं शिव्या दिल्या. त्यात माझ्या आजोबांचाही उल्लेख होता, पण मी मनावर घेतलं नाही. दहाव्या दिवशी दिसले नाहीत. संध्याकाळी कळलं, नळदुर्गला जाऊन आले. खंडोबाच्या पुढं उभं राहून विचारत होते, "देवा, औंदा जरा लवकर निघता का?" पुजाऱ्यानं त्यांना सांगितलं म्हणे, की देव लिहिल्याप्रमाणं येतील.

इथपर्यंत मजा होती. तिसऱ्या आठवड्यात अप्पांचा राग गेला, आणि रागाच्या जागी काहीच आलं नाही. ते स्टुलावर येऊन बसायचे. चहाच्या कपावर साय धरायची. दर्शनाची मुभा असून बंडलाकडं बघायचे नाहीत. मी काही विचारलं तर उत्तर यायचं, पण इतक्या उशिरा की तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या दोन प्रती काढून झालेल्या असायच्या.

"कसं वाटतंय, अप्पा?"

"झाडून निलंय, संजू. दाणा ठिवला न्हाय."

मला ते बघवेना. चेष्टा करायला समोर माणूस शिल्लक लागतो. एके दिवशी मीच काच सरकवून बंडल पुढं केलं. "घ्या एक. प्रयोग झाला तुमचा. मी कुणाला सांगत नाही."

अप्पांनी हात लावला नाही. "लिवलंय न्हवं? आन निरीक्षण पुरं झालं न्हाय आजून."

कॉलेजातून आणलेली एक कोरी प्रॅक्टिकलची वही त्यांच्याकडं होती, ब्राउन कव्हर घातलेली. रोज थोडं ते तीत लिहायचे, हात आडवा धरून, कॉपी होईल की काय अशा बेतानं. काय लिहिताय म्हटलं की वही मिटायचे.

देव परत यायच्या दिवशी दुपारपासूनच हायवेला माणसं जमायला लागली. हलग्या वाजत होत्या, सगळ्यांची कपाळं पिवळी. मी बंडल काचेतून काढून, काडेपेटी वर ठेवून तयार होतो. दीड-पावणेदोन महिने माणूस टिकला होता. खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान वाटायला लागला होता, आणि आता ते पुन्हा हात जोडून बाईंना बसवणार म्हणून बरंही वाटत होतं.

अप्पा आले. बंडलाकडं न बघता त्यांनी ती वही काउंटरवर ठेवली. "समद्या पानांची झेरॉक्स काढ. उद्या सोलापूरला हिची तारीख हाय. डॉक्टरला द्यायचीया." आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसले.

मी पहिलं पान काचेवर पालथं घालताना वाचलं. झेरॉक्सवाल्यानं वाचू नये, पण आम्ही सगळे वाचतो. वर नीट अक्षरात लिहिलं होतं, "उद्देश : गिरिजाला काय होते ते स्वतः पाहणे. साहित्य : मेंदू, नग एक. कृती : बिडी बंद."

पुढं पानाचे दोन भाग पाडले होते. डाव्या बाजूला 'मी', उजव्या बाजूला 'ती'.

मी : आंघोळीचा तांब्या उचलायला जड. ती : दोन दिवस आंघोळ नाही. मी काल बोललो तिला, उगाच बोललो.

मी : मुलीचा फोन आला. आवाज ओळखला, आनंद ओळखता आला नाही. ती : फोन न घेता माझ्याकडे दिला. पूर्वी वाटायचे, माया आटली.

मी : कुणी हाक मारली तर लांबून परत यावे लागते. ती : हाकेला उशीर. ऐकू जाते.

मी : संजू चेष्टा करतो. हसावेसे वाटते, हसू येत नाही. ती : सगळे म्हणतात हस. मीही म्हणायचो.

मी मशीन थांबवलं. इतके दिवस मी त्या बंडलावर फुलं वाहत होतो आणि स्वतःवर खूश होतो, याची मला लाज वाटली. बाहेर जाऊन अप्पांच्या शेजारी उभा राहिलो. वही त्यांच्यापुढं धरली.

"वाचलंस व्हय?" अप्पा म्हणाले. "वाच. डॉक्टर बोलता बोलता म्हनले हुते, आसल्या दुखन्यात त्या झाडनाऱ्या बाईचा जोर वाढलेला आसू शकतो. तिला बसवायच्या जुन्या गोळ्या पन हायत म्हनले. हिचं तसंच आसंल आसं न्हाय, लई कारणं असत्यात, एवढं सोपं न्हाय म्हनले. पर मला त्या बाईचं नाव ऐकूनच कसंतरी झालं. बिडी सोडली की पहिले काही आठवडे ती बाई आशीच जोर करती, हे म्या तक्ता धरून ऐकल्यालं. घरी आलो, बिडी काढली, बसा बाई म्हनलो, आन आत बघितलं तर ही भिंतीला टेकून. माझी बाई म्या रोज बसवून ठिवल्याली. हिची दोन वर्सं एकसारखी झाडतीया. आन मीच हिला म्हनत हुतो, ऊठ, देवळात जा, बरं वाटंल."

"मग आता?"

"आता न्हाय म्हनत. शेजारी बसतो. उठायचं किती लांब आसतंय ते कळलंय मला."

मी बंडल त्यांच्यापुढं धरलं. करार होता. त्यांनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि परत माझ्या हातात दिलं. "वाढवून टाइप कर. म्या कट्ट्यावर धूर काढत बसलो की ती आत एकटीच ऱ्हाती. धूर निमित्त हुतं संजू. मला घरात बसवत नव्हतं."

"मुदत काय घालू?"

अप्पांनी बोळाकडं बघितलं. "तिला इचारू."

मी करार पुन्हा छापला, मुदतीची जागा कोरी ठेवली, आणि आम्ही दोघं बोळातून घरी गेलो. हलग्या आता जवळ आल्या होत्या. गिरिजाक्का नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अप्पा त्यांच्याशेजारी खाली बसले आणि मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. बिडीचे बंडल नग एक, काडेपेटीसह. रडल्यास देऊ नये. शिव्या दिल्यास मनावर घेऊ नये. इतका मूर्ख कागद मी आयुष्यात कुणापुढं वाचला नसेल. अक्का जमिनीकडं बघत होत्या. वाचून संपलं. अप्पांनी घाई केली नाही. देवाची मिरवणूक बोळाच्या तोंडावरून पुढं गेली. आम्ही तिघं तसेच बसून होतो.

मग अक्कांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "कुठं ठिवल्यात?"

"काउंटरच्या काचेत, अक्का."

त्या पुन्हा थांबल्या. आम्ही वाट बघितली.

"पावसाळ्यात सादळत्यात त्या," अक्का म्हणाल्या. "डब्यात ठिवा. घट्ट झाकनाच्या."

मी हो म्हणालो. पावसाळा अजून चार-पाच महिने लांब होता. अप्पा उठून पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. मुदतीची जागा तशीच ठेवून मी घरी आलो, बायकोकडून शेवेचा स्टीलचा डबा रिकामा करून घेतला, नीट पुसला, आणि बंडल त्यात ठेवून झाकण लावलं.